खळ लावलेल्या तारा

आमच्या घरात आवाजाला कधीच तोटा नव्हता, आणि तरी मला घरात आणखी एक आवाज आणायचा होता, याचं आज माझं मलाच हसू येतं. शहरातला महाल भाग ओलांडून पुढे आलं की आमची विणकरांची वस्ती लागायची. गल्लीत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट सुरू व्हायची आणि परका माणूस आपसूक मोठ्यानं बोलायला लागायचा. आम्हाला मात्र ती खटखट ऐकूच येत नसे. ऐकू यायचं ते मागाचं थांबणं. धागा तुटून बाबांचा हात थांबला की स्वयंपाकघरातून माय लगेच विचारायची, "काय झालं हो?" माग पुन्हा सुरू झाला की ती पुन्हा भाकरी थापायला लागायची. त्या दोघांचं दिवसभरातलं निम्मं बोलणं असं मागाच्या मध्यस्थीनंच व्हायचं.

पहिल्याच खोलीत दोन माग होते, एक बाबांचा आणि एक काकांचा. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून दोघे भाऊ बसत आणि लुगडी विणत. मागच्या पडवीत माय रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या बोटभर नळ्यांवर सूत गुंडाळायची. ते काम मलाही यायचं. आमच्याकडे पोरांना ते शिकवावं लागत नसे, सर्दी लागावी तसं ते लागायचं. आणि सगळ्या घरावर खळीचा वास असे. सुताला ताठपणा यावा म्हणून पिठाची जी पेज लावतात ती खळ. तो आंबूस वास सदऱ्याला, गोधडीला, माझ्या शाळेच्या पुस्तकांनासुद्धा यायचा. शाळेत मला त्याची लाज वाटे. आता कुठे पेज उतू गेल्याचा वास आला तर माझी पावलं तिथेच थांबतात, आणि बायको म्हणते, यांना भूक लागली.

आमच्या घरात सुटा धागा चालत नसे. सदऱ्याचा एखादा धागा लोंबताना दिसला की बाबा बोलता बोलता हात पुढे करून त्याला गाठ मारून टाकायचे, मग तो सदरा पाहुण्याच्या अंगावर का असेना. ताणा तयार झाला, म्हणजे लुगड्याचे उभे धागे लांबीला मांडून झाले, की ते उतरवताना त्यांची वेणी घालतात. शेकडो धागे, पण वेणीत बसले की एकमेकांत गुंतत नाहीत. बाबांची वेणी वस्तीत नावाजलेली होती. दुसऱ्या घरातली माणसं ताणा उतरवायला त्यांना बोलावून नेत, आणि बाबा जेवण अर्धं टाकून जात. कात्रीला मात्र ते फार क्वचित हात लावायचे. जी गाठ सुटू शकते ती कापायची नाही, असा त्यांचा बाणा होता, आणि सुटू शकत नाही अशी गाठ त्यांना भेटल्याचं मला आठवत नाही.

मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात काकांनी माग सोडला. कळमेश्वरला कारखान्यात त्यांना काम लागलं आणि ते बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. जाताना आपला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ माझ्या हातात देऊन गेले आणि आपला रिकामा माग बाबांच्या डोळ्यांसमोर ठेवून गेले. सूत देणारा शेठ दोन माग चालतात म्हणून आमच्याकडे नेमानं सूत पाठवायचा. एकच माग चालला तर तो निम्मं सूत दुसऱ्या घरी देणार हे उघड होतं. काकांच्या जागी कोण बसणार, हे कुणी बोलत नव्हतं, कारण घरात बसण्याजोगा मी एकटाच होतो.

माझं मन मात्र शहराच्या बाजारपेठेत, बर्डीवर होतं. तिथल्या एका गल्लीत रेडिओचे सुटे भाग विकणारं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर रेडिओदुरुस्तीचा वर्ग चाले. मी तासन् तास त्या दुकानापुढे उभा राहायचो. दुकानदार वऱ्हाडातला, गमत्या माणूस. काचेच्या कपाटात त्यानं ॲम्प्लिफायरचा किट मांडून ठेवला होता: एक हिरवी पट्टी, मूठभर ट्रान्झिस्टर, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स, गोळीएवढे कंडेन्सर आणि एक बारका ट्रान्सफॉर्मर. हे सगळं नीट जोडलं की रेडिओचा चिरका आवाज घरभर घुमेल असा होतो, एवढं मला कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. सुट्टीभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कांड्या भरून मी तो किट आणि एक स्पीकर घरी आणला. देताना दुकानदार म्हणाला, "एक ध्यानात ठेवजो. ट्रान्सफॉर्मरची तार अन् आवाजाची तार, दोघींले सवतीसारखं दूर ठेवजो. जाळीवाली तार घेतली असती तं गोष्ट अलग होती, पन तुले साधीच परवडते." मी मान डोलावली. आवाज घेऊन येणारी तार नाजूक असते, शेजारून विजेची तार गेली की तिच्यात घूं भरते, हे मला पाठच होतं.

मग आमच्या घरात खळीच्या वासात राळेचा वास मिसळला. काकांच्या रिकाम्या मागाच्या कडेला फळी टाकून मी बसायचो आणि किटमधल्या भागांच्या एकेका पायाला राळ लावून कथलाचा डाग द्यायचो. राळेचा धूर निघाला की माय खोकायची. "काय जाळून राहिला वं बाई हा पोट्टा," असं ती भिंतीला सांगायची. पेटी मी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची केली. स्पीकरला मोठी पेटी करायला लाकूड उरलं नाही, तेव्हा मायचा झिरपणारा माठ मागून घेतला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला. माठातून आवाज भारदस्त येतो हे त्या काळी आमच्या वयाच्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. हल्ली नातू मला त्याच्या हातभर लांब स्पीकरबद्दल अभिमानानं सांगतो, तेव्हा मी माठाचं नाव काढत नाही.

बाबा या सगळ्याकडे पाहत नसत. म्हणजे पाहत नाहीत असं दाखवत. एके दिवशी जेवताना मात्र त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून विचारलं, "मन्या, शेठचा मानूस इचारून राहिला होता. दुसऱ्या मागाचं काय करू?"

मी वांग्याच्या भाजीकडे पाहत म्हणालो, "बाबा, मले बर्डीवर रेडिओचं काम शिकाचं आहे."

"तुले जमन का ते?"

"जमन."

"तो डबा वाजन का?"

"वाजन."

त्यांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "मंग असं कर. रविवारी तुह्या काकाले बलावतो. त्याच्या म्होरं वाजव. वाजला तं जाय शिकाले. नाही वाजला तं काकाच्या मागावर बस, मंग कुरकुर नाही पाहिजे." मायनं माझ्या ताटात न मागता आणखी एक भाकर टाकली. ती कुणाच्या बाजूनं होती ते मला त्यावरून कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी बाबा सूत आणायला गेले होते तेव्हा मी डबा लावून पाहिला. रेडिओच्या इअरफोनच्या भोकातून तार काढून डब्याला जोडली, श्वास रोखून बटण दाबलं, आणि माठातून बाईचा आवाज आला. कापसाचे भाव सांगत होती. मला वाटलं इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. बारीकशी घूं होती मागे, पण ती कान लावला तरच कळायची. मी बटण बंद केलं आणि अंगणात जाऊन नळाखाली डोकं धरलं. मला बर्डी दिसत होती, वरच्या मजल्याचा तो वर्ग दिसत होता. शनिवारी फक्त पुढचं गोल बटण आणि मागची फळी बसवायचे स्क्रू आणायचे राहिले होते. ते आणायला मी सकाळीच निघालो आणि दुकानात रमलो, तो संध्याकाळीच परतलो. घरी येऊन पाहतो तर मागची फळी बसवलेली. बाबा म्हणाले, "खिळे होते आपल्याजवळ. ठोकून देल्ली." मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. मी पुढचं बटण बसवलं आणि झोपलो.

रविवारी काका आले. मायनं त्यांच्या आवडीचा गोळाभात केला होता, वर भिवापुरी मिरचीचं झणझणीत तेल. पण आधी डबा, असं बाबांनीच ठरवलं. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. कुठे जायचं नसतानासुद्धा धुतलेला सदरा, हे मला तेव्हा नुसतं दिसलं. त्याचा अर्थ नंतर लागला. काका चटईवर बसले, माय दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी रेडिओ लावला, बटण दाबलं.

माठातून जो आवाज निघाला त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. घूंऽऽ करून अख्खी खोली थरथरायला लागली. मागावरच्या फण्या कुरकुरल्या. अंगणातली शेजाऱ्यांची शेळी दावं ओढून ओरडायला लागली. त्या घूंच्या तळाशी कुठेतरी एक माणूस गात होता, पण विहिरीत पडल्यासारखा. मी आवाज कमी केला, जास्त केला, रेडिओची तार काढून पुन्हा लावली. घूं हलेना. शेवटी मी बटण बंद केलं.

"झालं," काका हसत म्हणाले. "दादा, बोंबलला तुमच्या पोराचा डबा. लावा त्याले मागावर."

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "थांब ना गा. पाहू दे त्याले."

मी खिळे उपटून मागची फळी काढली. आतमध्ये एक वेणी होती. मी सुट्या सोडलेल्या सगळ्या तारा, ट्रान्सफॉर्मरच्या, स्पीकरच्या आणि ती आवाजाची नाजूक तार, सगळ्या एकत्र घेऊन त्यांची सुरेख, एकसारखी, ताण्यासारखी वेणी घातलेली होती. बोटाबोटावर पांढऱ्या सुताच्या गाठी होत्या. आणि वरून खळीचा हात फिरवून ती वाळवली होती, म्हणजे एकही तार हलू नये. वेणी काठीसारखी ताठ उभी होती.

"लोंबून राहिल्या होत्या साऱ्या," बाबा माझ्या खांद्यावरून म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, लपवलेला. "म्हटलं नीट करून द्याव. कसं झालं?"

मला काय वाटलं ते सांगतो. पहिल्यांदा राग आला, इतका की कान गरम झाले. मग भीती वाटली. खरं बोललो तर काकांसमोर बाबांची फजिती होणार होती, त्यांच्या वेणीची, ज्यासाठी लोक त्यांना जेवणावरून उठवून नेत. खोटं बोललो तर सोमवारपासून मी मागावर. काहीतरी ढिलं असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं ते हेच, "बाबा, हे वेनी सोडा लागते."

"काहून?"

"हे तार त्या तारेजवळ आली का तिची घूं हिच्यात जाते. त्याच्यानंच बोंबलून राहिलं."

"तारेतून कशी जाईन? वरून तं कव्हर आहे तिले."

"तरी जाते."

काका मोठ्यानं हसले. "म्हंजे दादा, डबा तुम्हीच बिघडवला! चांगली युक्ती काढली पोराले मागावर बसवाची!"

त्यांनी गमतीनंच म्हटलं होतं, पण बाबांचा चेहरा उतरला. ते उठले, आपल्या खड्ड्यात उतरले आणि रविवारच्या दिवशी, धुतलेल्या सदऱ्यात, विणायला लागले. खटखट सुरू झाली. काका पान आणतो म्हणून बाहेर गेले.

मी ओलं फडकं घेऊन वेणीची खळ भिजवायला लागलो. गाठ नखानं सुटेना. माय जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काल मागावर गेले नाही ते. सकाळपासून हेच करून राहिले होते. मी म्हटलं कायले हात लावता, तं म्हने, पोराचा डबा वाजला पाहिजे, त्याच्यात एकही दोरा ढिला नाही राहिला पाहिजे."

मी फडकं हातात धरून तसाच बसलो. बाबांना मी मागावर हवा आहे असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. अट त्यांनी घातली होती, पण ती मीच जिंकावी म्हणून त्यांनी स्वतःचा दिवस मोडून, जी कला त्यांना येत होती ती सगळी त्या खोक्यात ओतली होती. आणि नेमकी तीच मला उलगडून टाकायची होती. मला रडू यायला लागलं. लवकर संपवून टाकावं म्हणून मी कात्री उचलली.

खटखट थांबली. "कापू नको," बाबा म्हणाले.

ते खड्ड्यातून वर आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि डबा आपल्या मांडीवर घेतला. एकेका गाठीला ओलं बोट लावायचे, चिमटीत दाबायचे, आणि गाठ आपणहून सुटल्यासारखी सुटायची. तारा मोकळ्या झाल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं एकेक पुसली. ओल राहिली तर धोका, म्हणून मी डबा अंगणात उन्हाला ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. काका परत आले होते. गोळाभात फार चांगला झाला होता असं माय नंतर कित्येक वर्षं सांगायची. मला चव आठवत नाही.

ऊन कलल्यावर मी डबा आत आणला आणि लावला. खंजिरीवर भजन चाललं होतं. माठातून खंजिरीचा आवाज असा आला की वाजवणारा आमच्याच पडवीत बसलाय. काका "अरे वा" म्हणाले, मायनं पदरानं तोंड पुसलं. बाबा मात्र भजन ऐकत नव्हते. ते पेटीच्या मागे बसून आत पाहत होते. मग त्यांनी मला विचारलं, "ह्या तारेले हात लावला तं चालते?" मी हो म्हटलं. त्यांनी आवाजाची तार बोटानं हळूच ट्रान्सफॉर्मरच्या तारेजवळ नेली. घूं वाढली. दूर नेली, घूं गेली. पुन्हा जवळ, पुन्हा दूर. त्यांनी ते किती तरी वेळा केलं, कापडाचा पोत तपासतात तसं डोळे बारीक करून.

"दोरा दोऱ्याजवळ आला का आमचं कापड होते," ते शेवटी म्हणाले. "अन् तुह्यात दोरा दोऱ्याजवळ आला का बोंब होते. हे काम मले समजनार नाही गा." त्यांनी बोट काढून घेतलं. "तू जाय शिकाले. त्या मागाचं मी पाहून घेईन."

काका काही म्हणणार होते, पण बाबा तेवढ्यात उठून हात धुवायला गेले. मी बर्डीच्या वर्गात गेलो, शिकलो, पुढे माझं स्वतःचं दुकान झालं, संसार झाला. शेठनं सूत निम्मं केलं, ते बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही. दुसरा माग काही दिवस तसाच राहिला आणि मग एका शेजाऱ्यानं नेला. त्या वेणीइतकं नेटकं काम मी पुढे कोणत्याही यंत्राच्या पोटात पाहिलं नाही, हे मी बाबांना एकदा सांगितलंही होतं. ते नुसते "हूं" म्हणाले.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत माग बंद झाला होता. मी दुकानात आणि माय देवळात गेली की ते घरी एकटे असत. त्यांच्यासाठी मी एक चांगला रेडिओ करून उशाशी ठेवला होता, भजनाचं स्टेशन धरून. नुसतं एक बटण फिरवलं की झालं. एकदा दुपारी मी लवकर घरी आलो. भजनाची वेळ होऊन गेली होती आणि बाबा त्या बंद रेडिओसमोर बसून होते, हात मांडीवर ठेवून.

"बाबा, लावला काहून नाही? बटन तं फिरवाचं होतं."

"नाही गा," ते म्हणाले. "माह्या हातानं घूं करते ते. म्हटलं तू येशीन तं लावशीन."